गाडीची चाहूल

ठाणे ते कल्याण हा लोहमार्ग १ मे १८५४ रोजी, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावल्यानंतर जेमतेम वर्षभराने खुला झाला. तेव्हापासून या मार्गावर एक काम असे आहे की ज्याचे सर्वांत जुने संरक्षक साधन माणसाचे कान आणि डोळे हेच राहिले आहे. रुळांमध्ये उभे राहून खडी सारणारा, क्लिपा ठोकणारा किंवा सिग्नलची पेटी उघडून बसलेला कामगार येणाऱ्या गाडीची चाहूल घेतो आणि ती पोहोचण्याआधी बाजूला होतो. या एका कृतीवर त्याचा जीव अवलंबून असतो. वाफेचे इंजिन दुरून धापा टाकत, धूर सोडत येत असे, त्यामुळे चाहूल लागायला फारसे कष्ट पडत नसत. आज डोंबिवलीजवळ एकाशेजारी एक सहा मार्ग आहेत, त्यांवरून विजेच्या लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या दोन्ही दिशांनी धावतात, आणि नव्या बनावटीच्या लोकल इतक्या कमी आवाजात येतात की प्रवाशाला जे सुख वाटते तेच रुळांवरच्या माणसाला संकट ठरते. ही चाहूल यंत्राने घ्यावी आणि कामगारापर्यंत वेळेत पोहोचवावी, असा प्रयत्न गेल्या काही वर्षांत भारतीय रेल्वेत सुरू झाला आहे. या प्रयत्नाची खरी अडचण गाडी ओळखण्यात नसून इशारा योग्य माणसाला योग्य वेळी देण्यात आहे, आणि ती मुंबईच्या उपनगरी मार्गाइतकी स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

रुळांवर काम करणाऱ्यांना लोक सरसकट गँगमन म्हणतात. रेल्वेच्या दप्तरी ते आता ट्रॅक मेंटेनर आहेत. त्यांच्या टोळीचा प्रमुख तो मुकादम, आणि आपल्या वाट्याच्या काही किलोमीटरच्या पट्ट्यावरून रोज एकट्याने पायी फिरणारा तो कीमन. जुन्या स्लीपरांवर रूळ पक्का धरून ठेवण्यासाठी धातूची चावी ठोकलेली असे, ती सैल झाली की पुन्हा ठोकायची, म्हणून हे नाव. काँक्रीटच्या स्लीपरांवर तिची जागा पोलादी स्प्रिंगच्या क्लिपने घेतली, तरी नाव आणि खांद्यावरचा हातोडा दोन्ही टिकून आहेत. यांच्याखेरीज सिग्नल आणि दूरसंचार विभागाचे तंत्रज्ञ, ओव्हरहेड वायरचे कर्मचारी आणि कंत्राटदारांनी आणलेले मजूर हेही त्याच जागेत काम करतात. मुंबईकर प्रवाशाला यांतले कोणी दिसले तर लोकलच्या दारातून क्षणभर, नारिंगी जॅकेटचा एक पट्टा म्हणून.

या जोखमीचे मोजमाप सार्वजनिक चर्चेत फार उशिरा आले. अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये आपला अहवाल दिला. त्यात २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंतच्या काळात रेल्वे अपघातांत सुमारे १,००० लोक दगावल्याची नोंद होती, तर त्याच काळात कामावर असताना दगावलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांची संख्या सुमारे १,६०० आणि जखमींची सुमारे ८,७०० होती. गाड्यांची टक्कर झाली की चौकशी बसते, वृत्तपत्रांत मथळे येतात. कर्मचारी मात्र एकेक करून जातात, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या किलोमीटरच्या खांबांपाशी, आणि त्यामुळे बेरीज मोठी असूनही ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

जुन्या व्यवस्थेत संरक्षणाच्या दोन वाटा होत्या. पहिली गाडीला सावध करण्याची: काम चालू असलेल्या जागेपासून ६०० मीटरवर रुळांवर आडवे लाल कापड, म्हणजे बॅनर फ्लॅग, आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने रुळाला बांधलेले तीन फटाके. हे फटाके म्हणजे चपट्या डब्यांतली स्फोटके. चाकाखाली येताच मोठा आवाज होतो आणि चालकाला समजते की पुढे धोका आहे. दाब पडताच संदेश देणारे ते एक साधे संवेदकच होते, असे म्हणण्यास हरकत नाही. संवेदक म्हणजे सेन्सर, भोवतालच्या एखाद्या बदलाचे, दाबाचे, हालचालीचे, उष्णतेचे किंवा चुंबकीय क्षेत्राचे, संकेतात रूपांतर करणारे साधन. दुसरी वाट माणसाला सावध करण्याची: टोळीपासून काही अंतरावर लुकआउट उभा करायचा, त्याने गाडी दिसताच शिट्टी वाजवायची, झेंडा हलवायचा, आणि मुकादमाने टोळीला रुळांबाहेर काढायचे. छोट्या, नेहमीच्या कामांसाठी प्रत्येक वेळी गाड्या थांबवणे शक्य नसल्याने ही दुसरी वाटच अधिक वापरली जाते.

तिच्या मर्यादा साध्या गणिताने कळतात. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. शिट्टी ऐकून ती आपल्यासाठीच आहे हे समजणे, चालू यंत्र बंद करणे, रुळांवर पडलेले हत्यार उचलणे आणि खडीवरून पाय सांभाळत सुरक्षित जागी पोहोचणे यांना मिळून पंचवीस सेकंद लागतात असे धरले, तर लुकआउटला गाडी किमान ७०० मीटरवरून दिसायला हवी. ठाण्यापुढच्या पट्ट्यात वळणे, पादचारी पूल, शेजारच्या रुळांवर थांबलेल्या गाड्या आणि पावसाळ्यातली धूसर हवा यांमुळे इतके लांबचे दर्शन हमखास मिळेलच असे नाही. शिवाय लुकआउट हाही माणूसच असतो, तोही दिवसभर उन्हात उभा असतो. ब्रिटनमध्ये वेल्सच्या मार्गम येथे ३ जुलै २०१९ रोजी गाडीखाली दोन कामगार मरण पावले, तेव्हा त्यांतला एक जण कानांवर आवाजरोधक लावून गोंगाट करणारे यंत्र चालवत होता. आवाजापासून कान वाचवण्याच्या साधनानेच गाडीचा आवाज अडवला. त्यानंतर तिथे केवळ मानवी लुकआउटच्या भरवशावर चालू मार्गात काम करण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर मोडीत काढण्यात आली.

गाडी कुठे आहे हे रेल्वेला मात्र केव्हाचेच ठाऊक असते. ट्रॅक सर्किट या व्यवस्थेत रुळांचा एक तुकडा विद्युतदृष्ट्या वेगळा काढून त्यात एका टोकाकडून क्षीण प्रवाह सोडतात आणि दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, ठेवतात. गाडी त्या तुकड्यावर आली की तिच्या पोलादी चाकांतून आणि आसांतून प्रवाह आडवा निघून जातो, रिलेला तो मिळत नाही, आणि मागचा सिग्नल लाल होतो. तार तुटली किंवा वीज गेली तरीही सिग्नल लालच होतो. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूलाच झुकावा, या तत्त्वाला रेल्वेत फेल-सेफ म्हणतात आणि सिग्नलचे सारे शास्त्र त्यावर उभे आहे. दुसरी पद्धत अ‍ॅक्सल काउंटरची: रुळाला लावलेली चुंबकीय संवेदकांची जोडी एखाद्या पट्ट्यात किती आस शिरले आणि किती बाहेर पडले हे मोजते, आणि दोन्ही आकडे जुळले तरच पट्टा रिकामा ठरतो. थोडक्यात, गाडीच्या जागेची माहिती सतत तयार होत असते. ती सिग्नलच्या दिव्याकडे जाते, नियंत्रण कक्षाच्या पडद्याकडे जाते, इंडिकेटरवरून फलाटावरच्या प्रवाशाकडेही जाते. रुळांमध्ये उभ्या असलेल्या माणसाकडे ती जाण्याची सोय तेवढी दीर्घकाळ कोणी केली नव्हती, आणि तंत्राच्या इतिहासातली ही चूक केवळ खर्चाच्या कारणाने झाली असे म्हणणे कठीण आहे.

'रक्षक' नावाने ओळखली जाणारी प्रणाली ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नांपैकी एक आहे. तिचा एक भाग स्थानकात सिग्नल यंत्रणेशी जोडलेला असतो आणि दुसरा, वॉकीटॉकीसारखा, कामगाराजवळ. स्थानकातून गाडी पुढच्या पट्ट्यात सोडली गेली की ती माहिती व्हीएचएफ रेडिओलहरींवरून प्रसारित होते आणि कामगाराजवळचे यंत्र आवाज करते, दिवा लुकलुकवते आणि थरथरते. तीन वाटांनी एकच गोष्ट सांगण्याचे कारण मार्गमच्या उदाहरणात दिसतेच: कान व्यग्र असतील तर डोळ्यांनी, डोळे खाली असतील तर त्वचेने इशारा समजावा. ज्या मार्गावर दोन स्थानकांच्या मधल्या पट्ट्यात एका वेळी एका दिशेने एकच गाडी सोडली जाते, तिथे ही रचना सरळ चालते, कारण गाडी सुटली या बातमीचा अर्थ एकच असतो आणि ती यायला काही मिनिटांचा अवधीही असतो.

ठाणे-कल्याण पट्ट्यात परिस्थिती वेगळी आहे. इथे स्वयंचलित सिग्नल आहेत, म्हणजे दोन स्थानकांमधला मार्ग अनेक लहान तुकड्यांत विभागलेला आहे आणि एकीमागोमाग एक अशा अनेक गाड्या त्याच पट्ट्यात असतात. गर्दीच्या वेळी सहाही मार्गांवर सरासरी चार मिनिटांना एक गाडी धरली, तर डोंबिवलीजवळच्या एका ठिकाणावरून तासाला ९० गाड्या जातील, म्हणजे सरासरी दर ४० सेकंदांनी एक. प्रत्येक गाडीची सूचना एक मिनिट आधी मिळावी अशी व्यवस्था केली, तर यंत्र बंद होण्याची वेळच येणार नाही. आणि अखंड वाजणारा इशारा हा इशारा राहत नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट लहानपणी ऐकलेल्या कोणालाही याचा परिणाम सांगण्याची गरज नाही. सुरक्षाशास्त्रात या प्रकाराला अलार्मचा थकवा म्हणतात: खोट्या किंवा निरुपयोगी सूचना वाढत गेल्या की मनुष्य त्या ऐकूनही न ऐकल्यासारखा वागू लागतो, आणि पुढे यंत्राचा आवाज कमी करून ठेवतो.

त्यामुळे उपनगरी मार्गावरच्या यंत्राला गाडी येत आहे एवढे सांगून भागत नाही. ती कोणत्या मार्गावरून, कोणत्या दिशेने येत आहे आणि यंत्र बाळगणारा माणूस त्या क्षणी कोणत्या रुळांमध्ये आहे हे त्याला ठरवावे लागते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सिग्नल यंत्रणेकडे आहेत. तिसऱ्याचे उत्तर उपग्रहांवरून जागा शोधणाऱ्या जीपीएसने मिळेल असे सहज वाटते, पण साध्या जीपीएसच्या अनुमानात मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरची चूक राहते आणि शेजारच्या दोन रुळमार्गांमधले अंतरही तितकेच असते. डाऊन जलद मार्गावर वाकलेला माणूस यंत्राला अप धीम्या मार्गावर दिसू शकतो, आणि मग त्याला नको ती गाडी सांगितली जाते व हवी ती सांगितली जात नाही. ज्ञात जागी बसवलेल्या संदेशग्राहक यंत्राच्या साहाय्याने ही चूक काही सेंटिमीटरपर्यंत खाली आणता येते. भूमापनात आज ती पद्धत सर्रास वापरली जाते. मात्र इमारती, पूल आणि डोंगर यांच्या आडोशाला तिची खात्री कमी होते, आणि याच पट्ट्यातल्या, १९१६ मधल्या पारसिकच्या सुमारे १.३ किलोमीटर लांबीच्या बोगद्यात तर उपग्रह दिसतच नाहीत. तिथे रेडिओचा संदेशही आत नेण्यासाठी बोगद्यात खास केबल टाकावी लागते. यापेक्षा साधा उपाय असा की टोळीच्या मुकादमाने काम सुरू करताना यंत्रावर मार्गाचे नाव स्वतः निवडावे. तंत्रज्ञांना हा उपाय बाळबोध वाटतो. पण खडीत उभ्या असलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हे यंत्रापेक्षा बरेचदा चांगले ठाऊक असते.

यंत्र गप्प राहिले तर काय, हा पुढचा आणि अधिक गंभीर प्रश्न. यंत्र जवळ नसते तेव्हा माणूस मान वर करून दोन्ही बाजूंना पाहत राहतो. ते जवळ असले की तो मान खाली घालून निर्धास्तपणे काम करतो. म्हणून बॅटरी संपली, रेडिओचा संदेश तुटला किंवा स्थानकातला भाग बंद पडला, तर यंत्राने शांत न बसता ओरडले पाहिजे. यासाठी प्रसारक दर काही सेकंदांनी सर्व ठीक असल्याचा एक ठोका पाठवत राहतो आणि तो ठोका चुकला की कामगाराजवळचे यंत्र गाडी आल्यासारखेच वाजते. सिग्नलचे फेल-सेफ तत्त्व ते हेच, फक्त खिशात उतरलेले. हातात घेण्याजोगी कोणतीही सुरक्षा यंत्रणा विकत घेताना विचारण्याचा पहिला प्रश्न हा असायला हवा, आणि किमतीच्या चौकटीत तो शेवटी विचारला जातो.

वसई रोड आणि नायगाव यांच्या दरम्यान २२ जानेवारी २०२४ रोजी रात्री नऊच्या सुमारास सिग्नल विभागाचे तीन कर्मचारी लोकलखाली सापडून मरण पावले. सिग्नलमधला बिघाड दूर करण्यासाठी ते गेले होते. त्यानंतर पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागाने 'रक्षक' प्रणाली स्वीकारल्याचे जाहीर केले. या घटनेत एक कटू विरोधाभास आहे: गाड्यांना सुरक्षित ठेवणारी संवेदनयंत्रणाच बिघडली होती आणि तिला दुरुस्त करायला माणसे रुळांत उतरली होती. नियोजित देखभालीसाठी आधीपासून वेळ राखून ठेवता येते; बिघाड मात्र वेळ विचारून होत नाही, तो झाला की मागे गाड्यांची रांग लागते, फलाटांवर गर्दी साचते, आणि दुरुस्तीला गेलेल्या माणसांवर अदृश्य पण प्रचंड दबाव येतो. रुळांच्या कडेला जितके जास्त संवेदक, तितक्या त्यांच्या दुरुस्तीच्या फेऱ्या जास्त, हा हिशेब नव्या यंत्रणांच्या गुणगानात सहसा मांडला जात नाही.

नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ १३ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे घडलेल्या अपघाताने दुसरी मर्यादा दाखवली. रुळांवर काम करणाऱ्या चार कर्मचाऱ्यांना ज्या वाहनाने उडवले ते वाहन प्रवासी गाडी किंवा मालगाडी नव्हते. ओव्हरहेड वायरच्या देखभालीसाठी वापरले जाणारे रेल्वेचेच टॉवर वॅगन होते, आणि त्या वेळच्या वृत्तांनुसार ते चुकीच्या दिशेने चालले होते. स्थानकातून गाडी सुटल्याची बातमी देणारी प्रणाली नेहमीच्या दिशेने नेहमीच्या पद्धतीने येणाऱ्या गाडीविषयी बोलते. मार्ग देखभालीसाठी ताब्यात घेतलेला असताना त्यावर फिरणारी वाहने या भाषेत बसत नाहीत, आणि जगभरातले अनेक अपघात नेमके अशाच, सुरक्षित समजल्या गेलेल्या वेळेत घडलेले आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर येथे ३ एप्रिल २०१६ रोजी प्रवासी गाडी रुळांवरच्या खोदयंत्रावर आदळून दोन कर्मचारी मरण पावले. शंट नावाचे एक साधे साधन तिथे लावलेले नव्हते, हे चौकशीत पुढे आले. शंट म्हणजे दोन्ही रुळांना जोडणारा वाहक दांडा. तो लावला की ट्रॅक सर्किटला वाटते त्या तुकड्यावर गाडीच उभी आहे, आणि सिग्नल आपोआप लाल होतो. यात कामगार गाडीची वाट पाहत नाही, तो स्वतःच यंत्रणेला दिसू लागतो. ना बॅटरी, ना रेडिओ. अ‍ॅक्सल काउंटर असलेल्या पट्ट्यात मात्र हा दांडा निरुपयोगी, कारण ती यंत्रणा प्रवाह पाहत नाही, चाके मोजते. टॉवर वॅगनसारख्या देखभाल वाहनांवर आणि टोळीच्या हाती परस्परांना ओळखणारी रेडिओ-यंत्रे असणे हा लासलगावसारख्या प्रसंगावरचा अधिक थेट उपाय आहे. बंदरांत आणि खाणींत मोठ्या यंत्रांजवळ माणूस आला की चालकाला सावध करणारी अशी साधने आता वापरात आहेत.

डोक्यावरच्या तारेचा धोका वेगळ्या जातीचा आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गावर पूर्वी १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर त्याचे २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर २०१५ मध्ये पूर्ण झाले. इतक्या उच्च दाबाच्या तारेला स्पर्श करण्याचीही गरज नसते, फार जवळ गेले तरी वीज उडी मारते. म्हणूनच जिवंत तारेपासून दोन मीटरच्या आत काम न करण्याचा नियम आहे. त्याहून फसवी गोष्ट ही की बंद केलेल्या तारेतही शेजारच्या चालू तारेच्या प्रभावाने विद्युतदाब निर्माण होतो, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी जमिनीशी जोडल्याखेरीज तिला हात लावता येत नाही. शिरस्त्राणावर किंवा मनगटावर बांधता येणारे संवेदक विद्युतक्षेत्र ओळखून वाजतात. पण सहा मार्गांच्या वर सहा तारा ताणलेल्या असताना हे क्षेत्र सर्वत्रच असते, आणि पुन्हा तोच अखंड आवाजाचा प्रश्न उभा राहतो. इथे तारेला जमिनीशी जोडणाऱ्या दांड्याला पर्याय नाही.

कामगाराला सावध करण्यापेक्षा त्याला रुळांवर जाण्याची गरजच कमी पडावी, हा संवेदनतंत्राचा सर्वांत फलदायी आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला उपयोग आहे. हिवाळ्याच्या पहाटे डोंबिवलीच्या फलाटावर रुळाला तडा गेल्याची उद्घोषणा ऐकणाऱ्या प्रवाशांना त्यामागचे भौतिकशास्त्र क्वचितच कोणी सांगते. सलग जोडलेले लांब रूळ थंडीत आकुंचन पावू पाहतात, दोन्हीकडून जखडलेले असल्याने त्यांना तसे करता येत नाही, पोलादात ताण साचतो आणि एखाद्या कच्च्या जोडावर किंवा आतल्या दोषावर तो फुटतो. असे दोष आधीच शोधण्यासाठी मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी रुळात सोडून त्यांचा प्रतिध्वनी तपासतात. हे काम हाताने ढकलायच्या ट्रॉलीवरून होते, म्हणजे पुन्हा माणसे रुळांत. लेझर आणि कॅमेरे बसवलेले डबे धावता धावता रुळांचे अंतर, झीज आणि ढिल्या क्लिपा टिपू शकतात. सांध्यांना, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सरकत्या रुळांना, हलवणाऱ्या मोटारीचा विद्युतप्रवाह मोजून ती बिघडण्याआधी कार्यालयात कळू शकते. बिघाडाची बातमी दोन दिवस आधी मिळाली तर वसईसारखी रात्रीची धावपळ टळते, गर्दीच्या वेळी रुळांत उतरण्याऐवजी मध्यरात्रीनंतरच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे मार्गावर गाड्या बंद ठेवलेल्या वेळेत, काम करता येते. इथे एक तांत्रिक अदलाबदल लक्षात ठेवण्याजोगी आहे: तुटलेल्या रुळातून प्रवाह जात नसल्याने ट्रॅक सर्किट बहुधा तडाही दाखवून देते, अ‍ॅक्सल काउंटर ते करू शकत नाही. एक यंत्रणा काढून दुसरी बसवताना तिच्यासोबत फुकट मिळणारी राखणही जाते, आणि ती पुन्हा कीमनच्या डोळ्यांवर येते.

गाडीच्या पुढच्या टोकाला बसलेला मोटरमन हाही कामगारच, आणि त्याच्यावर पाळत ठेवणारे संवेदन सर्वांत जुने. लोकलमधले डेडमन हँडल हाताने दाबून धरावे लागते; हात सुटला की ब्रेक लागतात. मोठ्या इंजिनांत असलेले दक्षता यंत्र चालकाने सुमारे ६० सेकंद कोणतीच क्रिया केली नाही तर आधी दिवा, मग भोंगा आणि शेवटी ब्रेक असा क्रम चालवते. ईशान्य सीमा रेल्वेने २०२३ मध्ये पापण्यांच्या हालचालींवरून झोप ओळखणारे यंत्र विकसित करण्याचे काम हाती घेतले, तेव्हा चालकांच्या संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला की झोप का येते हे यंत्राला न विचारता कामाच्या तासांना विचारावे. आक्षेप वजनदार आहे. पेंग मोजणारे यंत्र पेंग घालवत नाही, आणि मोजमापाचा कागद विश्रांतीच्या नियोजनाकडे न जाता शिस्तभंगाच्या फायलीकडे गेला, तर चालक यंत्राला फसवण्याची युक्ती शोधणार हे उघड आहे. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मालट्रकांत किंवा बसगाड्यांत बसवल्या जाणाऱ्या चालकमुखी कॅमेऱ्यांनाही हेच लागू पडते.

कीमन आणि गस्तीच्या कर्मचाऱ्यांना अनेक विभागांत जीपीएस ट्रॅकर दिले गेले, त्यांची कथाही याच वळणाने जाते. ट्रॅकरवरून गस्त कुठवर पोहोचली हे नियंत्रण कक्षाला कळते, संकटात बटण दाबून मदत मागता येते; पण तो माणूस किती वाजता निघाला, कुठे थांबला आणि किती वेळ बसला हेही त्यातून कळते. एकच यंत्र संरक्षक आणि हजेरीनीस अशा दोन भूमिकांत ठेवले की कामगार त्याला दुसऱ्या भूमिकेवरून ओळखतो. माहिती कोणासाठी आणि किती दिवस ठेवली जाईल हे आधीच लेखी ठरवणे, आणि यंत्र निवडताना मुकादम व कीमन यांना हाताळायला देऊन त्यांचे म्हणणे ऐकणे, या दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत. हातमोजे घातलेल्या हाताने बटण दाबता येते का, पावसात पडदा दिसतो का, हातोडा आणि झेंड्यांबरोबर आणखी एक ओझे कमरेला कुठे बांधायचे, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुचत नाहीत. कंत्राटी मजुराचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण तो आज इथे तर उद्या दुसऱ्या कामावर असतो, त्याला मार्गांची नावे आणि गाड्यांच्या दिशा पाठ नसतात, आणि यंत्राची सर्वाधिक गरज त्यालाच असते.

रविवारच्या मेगाब्लॉकविषयी डोंबिवलीकर प्रवासी वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. संरक्षणाच्या दृष्टीने मात्र ब्लॉक ही सर्वांत खणखणीत व्यवस्था आहे, कारण त्यात ठरलेल्या मार्गावर गाडीच येत नाही आणि चाहूल घेण्याचे ओझे माणसावरून उतरते. हे उतरणे पूर्ण नसते: जलद मार्गावर ब्लॉक घेतला की त्यावरच्या लोकल शेजारच्या धीम्या मार्गाने वळवल्या जातात, त्या रुळांवरची वर्दळ नेहमीपेक्षा वाढते, आणि मुंबईच्या लोकलचा डबा १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर रुंद असल्याने बंद मार्गाच्या कडेवर पहार घेऊन उभा असलेला माणूस चालू गाडीच्या अगदी जवळ येतो. स्लीपर उचलताना तो एक पाऊल मागे सरकला की ब्लॉकची हद्द संपते. त्या एका पावलापुरती सूचना देणारे, म्हणजे कामाच्या जागेच्या कडेला रेडिओलहरींची अदृश्य रेषा आखून ती ओलांडताच मनगटावर थरथरणारे साधन, तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. सहा मार्गांच्या गणितात अडकलेला जीपीएस त्याला लागत नाही, आणि एरवी ते गप्प राहत असल्याने वाजले की माणूस दचकून पुढे सरकतो.